बस उलटताना प्रवासी-संरक्षण
बस कलंडल्यावर तिचा सांगाडा चेपू न देणे आणि प्रवाशांना आसनावर धरून ठेवणे, ही या संरक्षणाची दोन अंगे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या नियम क्र. ६६ नुसार बस ८०० मिमी उंचीवरून हळूहळू कलती करत कुशीवर पाडतात; खांब वाकले तरी आसनांभोवतीच्या ठरावीक जागेत काहीही घुसता कामा नये. भारतात यासाठी एआयएस-०३१ हे मानक आहे. पण भक्कम सांगाडा पुरेसा नाही : पट्टा नसलेला प्रवासी फुटक्या खिडकीतून बाहेर फेकला जाऊन बसखालीच चिरडला जाऊ शकतो. दाराची बाजू खाली गेली, तर छतावरची झडप, काचा आणि संकटकालीन दार एवढ्याच वाटा उरतात. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ उलटून पेटलेल्या बसमध्ये २५ प्रवासी दगावले. बसमध्ये चढताच संकटकालीन दार पाहून ठेवावे आणि पट्टा असल्यास बांधावाच.