गिरणीचे फाटक आणि विणखात्याचे दार

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घराण्यांचा मुंबईतील संसार गिरणीच्या भोंग्यावर उभा राहिला, हे या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. संप हा शब्दही आपल्या घरांत परिचयाचा. संप चालू असता जो फाटकातून आत गेला तो फितूर, हा न्याय आपण लहानपणी ऐकला आणि निमूटपणे मानला. परंतु ज्याला त्या फाटकावरच्या मंडळींनी कधी आपला म्हटलेच नाही, त्याला हा न्याय कितपत लागू पडतो, हा प्रश्न मात्र आपल्या बैठकांतून क्वचितच निघाला. प्रस्तुत लेखकास तो १९२८ ते १९३८ या दहा वर्षांच्या इतिहासाने विचारावयास लावला.

एप्रिल १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला. एका विणकराने तीन साचे चालवावे, कातणाऱ्याने दोन बाजू सांभाळाव्या, अशी नवी पद्धत मालक आणू पाहत होते. तीत अनेकांची नोकरी जाणार हे उघड होते. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने, बाहेरच राहिले. ना. म. जोशी आणि श्री. अ. डांगे यांच्यासारखे परस्परांशी न पटणारे पुढारी एका संपसमितीत बसले. हा पराक्रम लहान नव्हता, आणि आपल्या वडीलधाऱ्यांना त्याचा अभिमान वाटे तो रास्तच होता.

आता त्याची दुसरी बाजू. गिरणीत अधिक मजुरीचे खाते म्हणजे विणखाते. त्या खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारास प्रवेश नव्हता. कारण असे की, कांडी संपली म्हणजे विणकर नवी कांडी धोट्यात बसवी आणि सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढी. एकाच्या ओठांचा धोटा दुसऱ्याच्या ओठांस लागावयाचा; तेव्हा विटाळाची भीती! यंत्र विलायती, भांडवल शेटजींचे, पण शिवाशीव मात्र आमची, गावाहून गाठोड्यात बांधून आणलेली. हा नियम मालकांनी काढला नव्हता. साच्यावरच्या सवर्ण कामगारांनीच तो पाळावयास लावला होता.

संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. सर्व खाती सर्वांस मोकळी करण्याची मागणी संपसमितीने स्वीकारली नाही, तर आपल्या लोकांस संपापासून दूर राहावयास सांगू, असे त्यांनी बजावले. पुढाऱ्यांनी नाखुषीने ती मागणी घेतली. मालकांसमोर ती गेली तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, हा अन्याय असलाच तर त्याची जबाबदारी आमच्यावर नाही. मालकांचे हे उत्तर सोयीचे होते, यात शंका नाही. दुर्दैवाने ते खरेही होते.

१९२९ मध्ये पुन्हा संप पुकारला गेला. आदल्या वर्षीच्या उपासमारीने व कर्जाने पिचलेल्या आपल्या अनुयायांना बाबासाहेबांनी या खेपेस कामावर जाण्याचा सल्ला दिला. संपवाल्यांनी त्यास काय काय नावे ठेवली असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. माझे मत असे की, जो माणूस सहा महिने तुमच्याबरोबर उपाशी राहूनही तुमच्या साच्यापाशी उभा राहू शकत नाही, त्याला फितूर म्हणण्याचा अधिकार तुम्ही आधीच गमावलेला असतो. त्याच्या आत जाण्याने संपाची हानी झाली नाही, असे मी म्हणत नाही. हानी झाली, पण तिचा हिशेब फाटकापाशी न मांडता विणखात्याच्या दारापाशी मांडला पाहिजे.

सर्वस्वी बाहेरच्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याच सुमारास तेल कंपन्यांतील संप मोडण्यासाठी पठाणांना कामावर आणले गेले. त्यांना ना त्या संपाचे सुख ना दुःख. रोजगार मिळाला, ते आले. यात दोष असलाच तर आणणाऱ्याचा अधिक. परंतु चीड राहिली, तिला मुले पळविण्याच्या अफवांची जोड मिळाली, आणि फेब्रुवारी १९२९ च्या दंग्यात जे पठाण कधी कोणत्या फाटकातून आत गेले नव्हते, तेही मारले गेले.

पुढे १९३८ साली मुंबई सरकारने संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. त्याला विरोध करताना विधिमंडळात बाबासाहेबांनीच संपाचा हक्क हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग असल्याचे प्रतिपादन केले, आणि ७ नोव्हेंबर रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष व लाल बावट्याचे पुढारी यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला. दहा वर्षांपूर्वी ज्याला फितूर म्हटले, तोच आता संपाच्या अग्रभागी होता. विधेयक संमत झालेच. त्या एका दिवसाने विणखात्याचे दारही उघडले नाही.

माझे आजोबा विणखात्यात होते. त्या दिवसाच्या गर्दीचे वर्णन ते रंगवून सांगत, आणि संपफोड्यांची नावेही त्यांना अखेरपर्यंत पाठ होती. त्यांच्या साच्याशेजारी कोण उभे राहू शकत नसे, हे मात्र मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकातून कळले.