उन्हाची भीती आणि ब्लॅक टाउन

चेन्नईत आज हायकोर्टाची लाल इमारत उभी आहे त्या जागी एके काळी विणकर, रंगारी, व्यापारी आणि दुभाष्यांची दाट वस्ती होती. १६४०च्या सुमारास फोर्ट सेंट जॉर्ज उभा राहू लागला आणि त्याच्या उत्तरेला ही वस्ती वाढत गेली. पुढे किल्ल्यातले ते व्हाइट टाउन आणि बाहेरचे ते ब्लॅक टाउन, अशी वाटणी रूढ झाली. १७४६ ते १७४९ शहर फ्रेंचांकडे होते. त्या अनुभवानंतर तटासमोर मोकळे मैदान हवे म्हणून जुनी वस्ती हटवण्यात आली आणि तिचे नाव मुथियालपेट व पेद्दनायकनपेट या भागांना चिकटले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे जॉर्ज टाउन झाले. रंगावरून पडलेले नाव गेले, पण नेमक्या त्याच वर्षांत रंगभेदाला विज्ञानाचा आधार मिळवून देण्याचा प्रयत्न जोरात होता. तो आधार किती पोकळ होता, हे पुढे त्वचेतल्या पेशींच्या अभ्यासानेच दाखवले.

१९०५ साली चार्ल्स वुडरफ या अमेरिकन लष्करी डॉक्टरने उष्ण प्रदेशातल्या प्रकाशाचे गोऱ्या माणसावर होणारे परिणाम सांगणारे पुस्तक लिहिले. सूर्याचे अतिनील किरण गोऱ्यांच्या मज्जासंस्थेला दुबळे करतात, असे त्याचे म्हणणे होते. शोल्याच्या भेंडापासून केलेली सोला हॅट साहेब आधीपासून वापरतच होते. आता तिला तांबडे अस्तर लावणे आणि पाठीच्या कण्यावर कापडी गादी बांधणे, यालाही शास्त्रीय कारण मिळाले. फिलिपिन्समध्ये अमेरिकन लष्कराने सैनिकांना नारिंगी-तांबडे अंतर्वस्त्र घालून हा सिद्धान्त तपासला. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्याचा काहीही लाभ दिसला नाही. तरीही टोपी पुढची कित्येक वर्षे टिकली, कारण ती घालणारा कोण आहे हे लांबूनच कळत असे.

अतिनील किरण कवटी भेदून मेंदूपर्यंत जातच नाहीत. त्यांतला अधिक घातक भाग त्वचेच्या वरच्या थरातच शोषला जातो. तिथे पेशीच्या डीएनएमधले शेजारचे दोन घटक एकमेकांना नको तसे चिकटतात. बिघाड थोडा असेल तर पेशी तो दुरुस्त करते. फार असेल तर पी५३ हे प्रथिन तिला मरणाची वाट दाखवते. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि आसपासच्या पेशी ते गिळून टाकतात. या नियोजित मरणाला १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. १९९४च्या एका संशोधनात, पी५३ नसलेल्या उंदरांच्या त्वचेत उन्हाने भाजल्यावर अशा मरणाऱ्या पेशी फारच कमी आढळल्या. बिघडलेली पेशी मेली नाही तर तिच्यातून कर्करोग उद्भवू शकतो. म्हणजे हे मरण शरीराच्या रक्षणासाठीच असते.

यावर कोणी म्हणेल, ब्लॅक टाउन हे नाव तर वुडरफच्या सिद्धान्ताच्या कितीतरी आधीचे. खरे आहे, आणि तिथे आर्मेनियन व्यापारीही राहत, याची साक्ष आर्मेनियन स्ट्रीट देते. पण भेद जुना असला की त्याला नवी कारणे शोधली जातात, आणि इथे तेच घडले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रंगद्रव्य संरक्षण देते, हे तरी वुडरफचे बरोबर होते ना? होते. मेलॅनिनचे कण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे जमतात. २००६च्या एका अभ्यासात काळ्या त्वचेत डीएनएचा बिघाड कमी आढळला आणि बिघडलेल्या पेशी काढून टाकण्याची क्रिया जास्त. मात्र ही छत्री त्वचेपुरती आहे. उष्माघात हा शरीरात साठलेल्या उष्णतेचा परिणाम असतो आणि तो रंग पाहून येत नाही. डोळ्यांच्या भिंगालाही काळ्या त्वचेचा आडोसा मिळत नाही. गोऱ्याला ऊन सोसत नाही, या समजुतीला जोडूनच काळ्याला ते बाधत नाही, ही समजूत आली होती. सोला हॅट गेली, पण ही दुसरी समजूत अजून गेलेली नाही. जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारात भर दुपारी ओझी वाहणाऱ्या हमालाला सावली, पाणी आणि विसावा मिळायलाच हवा. त्याची त्वचा काळी आहे म्हणून ही गरज तसूभरही कमी होत नाही.