थंडरबोल्ट: उंचीसाठी घडलेले, जंगलावर लढलेले

साल्हेरसारखे सहा किल्ले एकावर एक रचावेत, अशा ३०,००० फुटांवर हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाचा दम तुटतो. अमेरिकन पी-४७ थंडरबोल्टच्या १८ सिलिंडरांच्या रेडियल इंजिनातील तप्त धूर नळ्यांतून वैमानिकाच्या पाठीमागे जाऊन टर्बाइन फिरवी. तिच्या बळावर दाबलेली हवा थंड होऊन पुन्हा इंजिनात येई. विमानाचे अवाढव्य पोट या नळ्यांमुळेच!

१९४४ पासून ब्रिटिश हवाईदलाने हीच विमाने ब्रह्मदेशात वापरली. तेथे जपानी विमाने फारशी उरली नव्हती. बहुसंख्य भारतीय जवानांच्या चौदाव्या सेनेला हवा होता शत्रूच्या खंदकांवर मारा. म्हणून उंच आकाशासाठी घडलेले हे यंत्र जंगलावर खाली उतरून बॉम्ब टाकीत राहिले.