तंतुमय बुरशीची औषध-संवेदनशीलता चाचणी

कोणते बुरशीनाशक किती मात्रेत बुरशीची वाढ रोखते, हे ठरवणारी प्रयोगशाळेतील चाचणी. मे २०२१ मध्ये कल्याण-डोंबिवलीत म्युकरमायकोसिसचे रुग्ण दगावले, अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या बुरशीनाशकाच्या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची धावाधाव झाली आणि ‘काळी बुरशी’ घरोघरी ठाऊक झाली. (काळी पडते ती मेलेली ऊती, बुरशी नव्हे.)

प्रमाण मानली जाते ती ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन पद्धत. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये, आरपीएमआय-१६४० या द्रवात, औषधाची मात्रा खळग्यागणिक निम्मी करत नेतात. मग मोजून बीजाणू सोडतात आणि प्लेट ३५ अंशांवर ठेवतात. म्युकरच्या कुळातली बुरशी साधारण दिवसभरात वाचता येते, अ‍ॅस्परजिलसला दोन दिवस लागतात, गजकर्णाच्या बुरशीला चार किंवा अधिक. वाढ रोखणारी किमान मात्रा म्हणजे एमआयसी. कॅस्पोफंगिनच्या गटातली औषधे वाढ पूर्ण थांबवत नाहीत. तिथे तंतू आखूड, गुठळीसारखे कुठल्या मात्रेपासून दिसू लागले हे पाहावे लागते, आणि त्याला सरावलेली नजर लागते.

पद्धत एकच, पण नियमावल्या दोन. अमेरिकेच्या सीएलएसआय या संस्थेच्या द्रवात ग्लुकोज ०.२ टक्के, युरोपच्या युकास्टच्या द्रवात २ टक्के. युकास्ट बीजाणूही कितीतरी जास्त घालते. म्हणून एकीचा आकडा दुसरीच्या तक्त्यावर ताडून पाहणे चूकच.

रोजच्या कामाला औषधाच्या उतरत्या मात्रांची स्ट्रिप सोयीची: अगारवर ठेवली की वाढ जिथे तिला छेदते तो आकडा वाचायचा. मात्र कडेला विरळ तंतू उरले की वाचणाऱ्यागणिक उत्तर बदलते. औषध लावलेली डिस्क सर्वांत स्वस्त. सीएलएसआयची २०१० ची डिस्क-नियमावली गजकर्णाच्या बुरशीला लागू नाही.

युकास्टची चार खळग्यांची अगार प्लेट फक्त चाळणीचे काम करते: तीन खळग्यांत इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल, चौथा औषधाविना. औषधाच्या खळग्यात वाढ दिसली की पुढे एमआयसी काढायची. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अशा औषधांना न जुमानणारी अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस भारतात नोंदवली होती, तेव्हा ही चाळणी आपल्याकडेही कामाची.

ठाण्याच्या कोपरीपासून डोंबिवलीपर्यंतच्या दमट हवेत नेहमीचा त्रास गजकर्णाचा. २०२० मध्ये नाव मिळालेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी अनेकदा टर्बिनाफिन या औषधाला दाद देत नाही. स्टेरॉइडमिश्रित मलमांनी दुखणे आणखी चिघळते.

म्युकरच्या कुळासाठी दोन्ही संस्थांनी औषध चालेल की नाही याची सीमारेषा अजून ठरवलेली नाही. रिपोर्टवर पद्धतीचे नाव नसेल, तर ते लॅबकडून लिहून घ्यावे.