ओटा, कचेरी आणि कूड : शहापूर-मुरबाडच्या वास्तूंचा इतिहास



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना किल्ला हवा असतो, आणि शहापूरकराला तो शोधायला लांब जावे लागत नाही. मान वर केली की माहुलीचे सुळके दिसतात. इ. स. १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट याच गडावर झाला. शहाजीराजांना तो सोडावा लागला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. मुरबाडकडे सिद्धगड आणि गोरखगड आहेत. हे आपण मुलांना शिकवतो आणि ते शिकवलेच पाहिजे. पण गडाखाली जे गाव पिढ्यान् पिढ्या नांदले, त्याच्या रस्त्याचा, कचेरीचा, ओट्याचा आणि झोपडीचा इतिहास कोणी सांगायचा? आज त्याविषयी बोलायचे आहे.

प्रथम रस्ता. आपल्या भागात रस्ता हा गावापेक्षा वडीलधारा आहे. मुरबाड तालुक्यातून वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढून गेले की माथ्याजवळ सातवाहनकालीन लेणे लागते. त्यातील ब्राह्मी लेख दोन हजार वर्षांपूर्वीचा असून राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणे यांची मोजदाद त्यात आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवला जातो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल जुन्नर-पैठणकडे जाई तो याच वाटेने. म्हणजे आपला प्रदेश आडबाजूचा रानवट मुलूख होता, ही समजूत खरी नव्हे. तो बंदर आणि देश यांच्यामधला उंबरठा होता.

शहापुराचा रस्ता थळघाटाचा, मुंबईहून नाशिकमार्गे आग्र्याकडे जाणारा. बैलगाड्यांच्या काळात घाटाच्या पायथ्याशी बैलांना विसावा द्यावाच लागे. जेथे गाड्या सुटतात तेथे विहीर लागते, सावलीला वड-पिंपळ लागतो, वैरण आणि शिधा विकणारा वाणी लागतो, लोहार-सुतार लागतो. अशा गावांच्या पेठा रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबट का वाढतात, याचे उत्तर हेच आहे. घराला रुंदी थोडी आणि खोली फार, कारण रस्त्याला लागून असलेली हातभर जागा प्रत्येकाला हवी असे.

पुढे आगगाडी आली. १८५५ मध्ये ती वासिंदपर्यंत आली, १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोचली आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीला गेली. शहापुराचे स्टेशन मात्र झाले ते गावापासून दूर आसनगावाला. मुरबाडला तर रूळ पोचलेच नाहीत. त्याची भिस्त कल्याण ते माळशेज या सडकेवरच राहिली. एकाच जिल्ह्यातल्या या शेजारच्या दोन गावांची चाल त्यामुळे वेगळी झाली. एकाचे तोंड स्टेशनाकडे वळले, तर दुसऱ्याचे घाटाच्या सडकेकडेच राहिले. म्हशाची यात्रा पाहा. पौष पौर्णिमेला म्हसोबाच्या या जत्रेत बैलांचा आणि घोंगड्यांचा बाजार भरतो तो घाटावरच्या आणि घाटाखालच्या लोकांच्या जुन्या देवघेवीमुळेच.

दुसरी वास्तू कचेरीची. तालुक्याचे ठिकाण झाले की मामलेदार कचेरी आली, तिजोरी, पोलीस गेट, मराठी शाळा, टपाल आणि जंगलखाते आले. यांपैकी जंगलखात्याने सामान्य माणसाच्या आयुष्यात जितकी उलथापालथ केली तितकी दुसऱ्या कोणी केली नसेल. आपल्याकडे भाताचे रोप टाकण्यापूर्वी राब भाजण्याची चाल आहे. त्यासाठी झाडांचा टहाळ लागतो. १८७८ च्या कायद्यानंतर राखीव रानांच्या हद्दी आखल्या जाऊ लागल्या आणि हा टहाळ तोडणे गुन्ह्याच्या जवळ जाऊन बसले. ठाणे-कुलाब्यात असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांना कचेरीची पायरी माहीत झाली ती बव्हंशी अशा दाव्या-दंडांमुळे.

तिसरी वास्तू ओटा, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकी. जुन्या पेठेतले व्यापाऱ्याचे घर डोळ्यांपुढे आणा. दगडी जोते, सागाचे खांब, वर माळा, मागे भाताची कणगी आणि पुढे रस्त्याला भिडलेला ओटा. ओट्यावर बैठक, तराजू आणि चोपडी. पावसाळ्यात घरातले भात संपले की आदिवासी कुळ या ओट्यापाशी येई. खावटी म्हणून मिळालेले भात सुगीला दिढीने परत करायचे, म्हणजे एका मणाला दीड मण. लग्नासाठी कर्ज काढले तर ते फेडण्यासाठी अंगमेहनत करायची. असा माणूस लग्नगडी होई. सावकार ओट्यावर आणि ऋणको अंगणात, ही बसण्याची रीत कोणत्या कायद्यात लिहिलेली नव्हती. ती जोत्याच्या उंचीतच बांधलेली होती.

भाई कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या त्या या ओट्याला उत्तर म्हणूनच. पुढे १९४२ च्या लढ्यात मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणारे कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. सिद्धगडाला आपण वंदन करतो. पण धान्यकोठी ही साधी खोलीदेखील त्याच लढ्याची वास्तू होती, हे विसरू नये. १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आणि वेठबिगारी रद्द करणारा १९७६ चा कायदा यांनी ओट्याची उंची कागदावर तरी उतरवली.

आता चौथी वास्तू, कुडाची झोपडी. कारवीचे कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण, वर पेंढा किंवा गवत. रानातून आणलेले सामान रानातच विरून जाते. माणसे उठून गेली की दोन-चार पावसाळ्यांत जोतेसुद्धा दिसत नाही. येथेच इतिहास लिहिणाऱ्याची खरी अडचण आहे. सागाचे खांब शंभर वर्षे उभे राहतात, कूड राहत नाही. जुन्या वास्तू जपा असे आपण म्हणतो तेव्हा नकळत सावकाराचे घर जपले जाते आणि ऋणकोचे पुसले जाते. चोपडीतली फक्त जमेची बाजू वाचून हिशेब कळत नाही, तसेच हे आहे.

आणखी एक वास्तू आपल्या रोजच्या नजरेतली म्हणूनच न दिसणारी, ती म्हणजे पाण्याचा नळ. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते. पुढे वैतरणेचे आणि भातसाचेही जाऊ लागले. पुरुषभर उंचीचे नळ ज्या रानातून जातात, त्या रानातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, ही आपल्या लोकांची म्हण पुराणातली नाही. ती या नळानेच घडवली आहे.

मंडळी, २०१५ मध्ये दोन्ही गावांना नगरपंचायती मिळाल्या. रस्ते रुंद होत आहेत, जुनी घरे उतरवली जात आहेत, त्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती उठत आहेत. हे थांबवा असे मी म्हणणार नाही. गळक्या माळ्याखाली राहणाऱ्याला वारशाचे गोडवे ऐकवणे हा अन्याय होईल. पण घर उतरवण्यापूर्वी त्याची मापे घेता येतात, छायाचित्र काढता येते. ओट्यावर कोण बसे आणि अंगणात कोण, हे म्हाताऱ्या माणसांना विचारता येते. प्रत्येक शाळेने एक वही घालावी. तिच्यात पेठेतल्या घरासाठी एक पान असेल तर पाड्यावरच्या कुडासाठीही एक पान असावे. हे काम सरकारी खात्याची वाट पाहत बसण्यासारखे नाही. दोरी, फूटपट्टी आणि ऐकण्याची तयारी एवढे त्याला पुरते.

माहुलीचे दगड आणखी पाचशे वर्षे उभे राहतील. कूड कसा बांधत हे सांगणारी आजी मात्र तितकी थांबणार नाही. वहीची सुरुवात तिच्यापासून करावी.