वासे तेच, कौल नवे

घर फिरले की वासेही फिरतात, असे आपण म्हणतो. कोकणात मात्र अनेकदा वासे तेच राहिले आणि वरचे कौल फिरले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ही सपाट कौले गलबतांतून किनाऱ्याने वर येऊ लागली. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला होई. पण छप्पर उघडे टाकण्याइतके निर्धास्त आकाश पावसाळा पुरता सरल्यावरच मिळे. साहजिकच कौले बदलण्याचे काम कोरड्या महिन्यांवर आले.

जुनी नळीची कौले वाऱ्याने, माकडांनी सरकत. म्हणून दरवर्षी पावसापूर्वी घर शाकारावे लागे. नवे कौल रिपेला अडकून बसते. त्यामुळे शाकारणी कमी झाली, आणि तिच्या निमित्ताने शेजाऱ्याच्या घरावर चढणेही.

ग्रामीण कथा शिकवताना आम्ही बोलीतले शब्द समजावतो, छप्पर मात्र गृहीत धरतो. वास्तविक गवत, नळी की मंगळुरी कौल, एवढ्यावरून त्या घराची ऐपत आणि कथेचा काळ पुष्कळसा कळतो. ‘शाकारणे’ हा शब्द म्हणूनच तळटीपेत ढकलून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.