मास्तरांचा पगार आणि गावाची पाठराखण



गावगाड्यातील बारा बलुतेदारांची यादी आपणांपैकी पुष्कळांनी वाचलेली असेल. सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी, गुरव अशी नावे तीत येतात. मुलांस धुळाक्षरे शिकविणाऱ्या पंतोजीचे नाव मात्र तीत नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सुगीच्या दिवसांत सुतार-लोहार खळ्यावर जाऊन उभे राहिले की त्यांचे धान्य त्यांस मिळे. तो त्यांचा पिढीजाद हक्क होता, उपकार नव्हे. पंतोजीचे तसे नव्हते. आईबापांनी महिन्याकाठी काय द्यायचे ते द्यावे, सणावारी शिधा घालावा, दसऱ्याला पाटीपूजनाच्या दिवशी दक्षिणा ठेवावी, ह्यावर त्याची चूल पेटावयाची. मुलगा शाळेतून काढला की तेवढे उत्पन्न बुडाले. मास्तरांच्या पगाराची वाटाघाट मुंबई प्रांतात इंग्रजी अंमल येण्यापूर्वी अशी ज्याच्या त्याच्या ओसरीवर चालत असे.

इंग्रजी अंमल आल्यावर १८२० ते १८३० ह्या दशकात सरकारने प्रांतातील देशी शाळांची पाहणी करविली. रा. वि. परुळेकर यांनी ते कागद १९४५ साली छापून प्रसिद्ध केले. ते चाळताना माझ्यासारख्या जुन्या मास्तराला प्रथम जाणवते ती पंतोजीच्या प्राप्तीची किरकोळ रक्कम. परंतु दुसरीही एक गोष्ट दिसते : सरकारचा एक पैसाही न घेता ह्या शाळा चालल्या होत्या. म्हणजे गावाला शाळा हवी होती, आणि ती आपण चालवावयाची हे त्याला ठाऊक होते. श्रीगोंद्यासारख्या, शेख महंमदांचा मठ आणि शिंद्यांचे वाडे असलेल्या कसब्यात काय किंवा भोवतालच्या खेड्यांत काय, रीत हीच.

हा संबंध पालटला तो १८६३ च्या सुमारास. जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यात आला. आता मास्तरांचा पगार शेतकरीच देऊ लागला, पण आपण तो देतो हे त्याला दिसेनासे झाले. पैसा सारा म्हणून मामलेदार कचेरीत गेला आणि पगार म्हणून शिक्षणखात्यातून आला. मधली वाट कोणाला दिसली नाही. मास्तर सरकारचा माणूस झाला. ह्यात त्याचा लाभ मोठा होता, हे मी आधीच सांगून टाकतो. पाटलाची मर्जी आणि सावकाराच्या पोराची परीक्षा ह्यांतून तो सुटला. परंतु सुटताना गावाशी बांधलेली एक दोरीही तुटली.

ती तुटल्याचे फार लवकर ओळखले ते जोतीराव फुले यांनी. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्याचा उल्लेख सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीसाठी नेहमी होतो. त्यातील मास्तरांविषयीचा भाग त्या मानाने कमी वाचला जातो. मास्तरांस दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन असू नये आणि मोठ्या गावी ते १५ किंवा २० रुपये असावे, असे त्यांनी स्पष्ट आकड्यांत मांडले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मास्तर शक्य तो शेतकरी वर्गातून यावे, लोकांत मिळून-मिसळून राहावे, प्रसंगी नांगराची रुमणी किंवा सुताराचा वाकस हाती धरणारे असावे, असे त्यांचे म्हणणे. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदविणे, टपाल सांभाळणे अशी कामेही त्यांच्याकडे द्यावी म्हणजे गावात त्यांचे वजन वाढेल, असेही त्यांनी सुचविले. पगार आणि गावातील स्थान ह्या दोन गोष्टी एकाच निवेदनात, एकमेकींस लागून मांडणारा माणूस माझ्या वाचनात त्यांच्याआधी आलेला नाही. आजच्या शिक्षकाला अशी जादा कामे नकोशी वाटतात आणि ते रास्तच आहे. जनगणना नि निवडणूक यांनी त्याचा जीव मेटाकुटीस येतो. फुल्यांच्या सूचनेतील हेतू मात्र निराळा होता.

पुढचा इतिहास कायद्यांचा आहे, तो मी भरभर सांगतो. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या स्कूलबोर्डांकडे गेल्या. १९३८ च्या दुरुस्तीने तेथील कारभारी अधिकारी सरकारी नोकर झाला. १९४७ साली नवा कायदा आला, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन होऊन शाळा त्यांच्याकडे आल्या. प्रत्येक पावलागणिक मास्तर अधिक सुरक्षित झाला आणि त्याच्या पगाराचा निर्णय गावापासून अधिक दूर गेला. अखेर तो मुंबईत, मंत्रालयात जाऊन बसला.

गावाने शिक्षकांना आपले मानले, ह्याचे मोठे उदाहरण ह्याच काळात सरकारी शाळांच्या बाहेर घडले. भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या शाळा आणि वसतिगृहे कोणा एका धनिकाच्या देणगीवर उभी राहिली नाहीत. घरोघरचे मूठमूठ धान्य, गावाने दिलेली जागा, श्रमदानाच्या भिंती यांवर ती उभी राहिली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, हे तर घरोघरी सांगितले जाते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकार आणि भाऊराव यांच्यात बिनसून संस्थेचे अनुदान काही काळ थांबले, तेव्हा अनेकांनी संस्थेची बाजू घेतली, आणि खुद्द गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला. श्रीगोंद्याचे महादजी शिंदे विद्यालय ह्याच संस्थेचे आहे. ज्या शाळेच्या भिंतीत आपली मूठ आहे, तिचे अनुदान थांबले तर गाव हातावर हात ठेवून बसत नाही.

आता संपाकडे येतो. राज्य सरकारी कर्मचारी आणि शिक्षक यांचा मोठा संप १४ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झाला आणि ५४ दिवस चालला. केंद्र सरकारच्या दराने महागाई भत्ता मिळावा ही मुख्य मागणी, र. ग. कर्णिक हे नेते. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. मी त्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि श्रीगोंदे तालुक्यातील एका वाडीवर राहत होतो. रोजगार हमीच्या कामावर दिवसभर खडी फोडून तीन-चार रुपये पदरात पडण्याचे ते दिवस. चावडीवर बोलणी होत ती अशी : "त्यांचा भत्ता वाढंल, पण आपल्या ज्वारीचा भाव कोण वाढविणार?" हा प्रश्न मत्सराचा नव्हता, अगदी खरा होता, आणि शिक्षकांच्या कोणत्याही सभेत मी त्याचे समाधानकारक उत्तर ऐकलेले नाही.

तरीही त्या ५४ दिवसांत एक गोष्ट मी पाहिली. वाडीच्या शाळेत दोन शिक्षक होते. एक गावातच बिऱ्हाड करून राहत. दुसरे तालुक्याच्या ठिकाणाहून सायकलीने येत. पगार दोघांचाही थांबला. पहिल्यांच्या घरी न सांगता ज्वारीचे पीठ पोचे, कोणी शेंगा आणून देई, हुरड्याला त्यांच्या पोरांना हाक जाई, वाण्याने उधारीची वही मिटली नाही. दुसऱ्यांची विचारपूस कोणी केली नाही. त्यांच्याशी वैर नव्हते. ते समोरच नव्हते, म्हणून आठवले नाहीत.

पंधरवडा लोटल्यावर वडीलधाऱ्यांनी मला बोलावून सांगितले, की पोरे उनाडली आहेत, तू शाळा उघडून त्यांना बसव. मी गुरुजींना विचारावयास गेलो. ते म्हणाले, "पाढे म्हणून घ्यायचे तर मारुतीच्या देवळात घे, बाळ. शाळेचं कुलूप मात्र उघडू नकोस." हे मी चावडीवर येऊन सांगितले. थोडी कुरकूर झाली, पण वडीलधाऱ्यांनी ते मानले. संपाचे मर्म मला त्या दिवशी जितके कळले, तितके पुढे पुस्तकांतून कळले नाही. मुलांचे नुकसान होऊ नये आणि संप फुटू नये, ह्या दोहोंचा मेळ गुरुजींनी एका वाक्यात घातला, आणि गावाने त्यांचा शब्द राखला. संप मागणी पदरात न पडताच संपला. केंद्राच्या दराचा भत्ता पुढे, १९७८ च्या जुलैत शरद पवार यांचे सरकार आल्यावर मान्य झाला.

परदेशांतही हेच सूत्र दिसते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २०१८ साली सर्व ५५ परगण्यांतील शाळा संपामुळे नऊ दिवस बंद राहिल्या. शाळेतील जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांची उपासमार होऊ नये म्हणून संपकरी शिक्षकांनी डबे भरून ठेवले, प्रार्थनामंदिरांनी जागा दिल्या. लोक शिक्षकांच्या पाठीशी राहिले आणि पाच टक्के वाढ पदरात पडली.

आपल्याकडे मात्र २००० सालानंतर शिक्षकांतच पायऱ्या पडल्या. त्या वर्षी 'शिक्षण सेवक' योजना आली. प्राथमिकला दरमहा ३,००० रुपये मानधन, तेही तीन वर्षे. ते वाढत जाऊन २०२३ साली १६,००० झाले. त्याच सुमारास वस्तीशाळा निघाल्या. श्रीगोंदे तालुक्यात घोड आणि कुकडीच्या पाटपाण्यामुळे माणसे मळ्यांत विखरून राहतात, तेथे ह्या शाळांची फार गरज होती. कोणा शेतकऱ्याच्या पडवीत, कोठे झाडाखाली त्या भरत. नाममात्र मानधनावर राबणाऱ्या त्या तरुणांना जागा, फळा, सतरंजी दिली ती वस्तीने. सरकारने त्यांस नियमित सेवेत घेतले ते २०१४ साली. ती मुले-मुली वस्तीचीच होती. त्यांचे गाऱ्हाणे हे वस्तीचे गाऱ्हाणे होते.

उलट, मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ पासून २० तारखेपर्यंत संप झाला, तेव्हा वारे निराळे होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांची ती मागणी होती. मला स्वतःला जुने निवृत्तिवेतन मिळते, म्हणून तिच्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार मला नाही, आणि ती मला न्याय्यच वाटते. पण कोल्हापुरात बेरोजगार तरुणांनी संपाविरुद्ध मोर्चा काढला, हे विसरून चालणार नाही. ते तरुण कोणाचे विद्यार्थी होते? तुमचे आणि माझेच. त्यांना मास्तर आपला वाटला नाही, ह्याचे कारण केवळ त्यांच्या बेकारीत शोधणे मला पटत नाही. रोज संध्याकाळी शहराकडे जाणारी शेवटची गाडी गाठणाऱ्या शिक्षकांची संख्या माझ्या डोळ्यांदेखत वाढत गेली. त्यातले पुष्कळजण मुलांच्या शिक्षणासाठी जातात, हेही मी जाणतो.

पुढे ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे शिक्षकदिनीच, वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांत दोहोंपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा शासननिर्णय निघाला. त्याविरुद्ध २५ सप्टेंबरला राज्यभरच्या शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. ह्या वेळी प्रश्न केवळ वेतनाचा नव्हता; वाडी-वस्तीवरची शाळा टिकते की नाही, हा होता. शिक्षणहक्काच्या कायद्याने, २०१० पासून, प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. पंतोजीच्या काळी ओसरीवर जे बोलणे होई, त्याला आता कायद्याने बैठक मिळाली आहे. ह्या समितीच्या सभेला मी पुष्कळदा बसलो आहे. खिचडीचा तांदूळ, गळके छत, मुलींची स्वच्छतागृहे ह्यांवर पालक, विशेषतः आया, तळमळीने बोलतात. शिक्षकाचे वेतन, त्याची बदली, त्याची नेमणूक हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आलेला मी एकदाही पाहिला नाही. तो आणावयाचा तर आधी शिक्षकाने आपली वेतनचिठ्ठी त्या बायाबापड्यांसमोर ठेवली पाहिजे, आणि त्यांनी आपल्या ज्वारीचा भाव त्याच्यासमोर.